समजून घ्या: तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचं डेन्मार्कच्या राजाचं चर्च, तिथे कोण कुठे बसायचं?

तमिळनाडूत, कारैकालच्या उत्तरेला समुद्राला लागून तरंगमबाडी नावाचं छोटं गाव आहे. युरोपीय लोक त्याला ट्रँकेबार म्हणत. या गावातल्या एका जुन्या चर्चच्या दर्शनी भिंतीवर एक मुकुट, राजाची आद्याक्षरं आणि १७१८ हे साल दिसतं. हा राजा ना चोळ, ना इंग्रज. तो होता डेन्मार्कचा फ्रेडरिक चौथा.

हे न्यू जेरुसलेम चर्च. भारतातल्या सर्वांत जुन्या प्रोटेस्टंट चर्चपैकी एक. चर्चची ही इमारत साधी असली, तरी धर्म बदलला म्हणून जात सुटते का, या प्रश्नाचं उत्तर तिच्या इतिहासात सापडतं.

डॅनिश लोक इथे कसे आले?

१६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाने डॅनिश लोकांना वार्षिक खंडणीच्या बदल्यात ही जागा दिली. त्यांनी तिथे डान्सबोर्ग किल्ला बांधला आणि मिरी, कापड यांचा व्यापार सुरू केला. पुढे अर्धशतकाने छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी तंजावर घेतलं. तेव्हापासून डॅनिश कंपनीचा व्यवहार भोसल्यांच्या दरबाराशी होऊ लागला. हे चर्च उभं राहिलं, तेव्हा तंजावरच्या गादीवर पहिले सरफोजी होते.

डॅनिश लोकांसाठी गावात १७०१ मध्येच झायन चर्च बांधलं गेलं होतं. मग दुसरं कशाला हवं होतं?

दुसऱ्या चर्चची गरज

फ्रेडरिक चौथ्याने पाठवलेले दोन जर्मन मिशनरी ९ जुलै १७०६ रोजी तरंगमबाडीला पोहोचले. बार्थोलोमेउस झिगेनबाल्ग आणि हाइनरिख प्ल्युत्शाव अशी त्यांची नावं. दोघे लुथरन, म्हणजे मार्टिन लुथरच्या पंथाचे. या पंथात प्रार्थना आणि बायबल लोकांच्या भाषेत असण्यावर भर असतो. झिगेनबाल्ग लगेच तमिळ शिकायला बसला. सुरुवातीला त्याने गावातल्या मुलांबरोबर वाळूत अक्षरं गिरवली, असं सांगितलं जातं.

१७०७ मध्ये तमिळ आणि पोर्तुगीज बोलणाऱ्यांसाठी पहिलं जेरुसलेम चर्च बांधलं गेलं. व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या डॅनिश गव्हर्नरला हे काम आवडत नव्हतं. १७०८ मध्ये त्याने झिगेनबाल्गला किल्ल्यात चार महिने कैदेत टाकलं. म्हणजे राजाने पाठवलेल्या माणसाला राजाच्याच अधिकाऱ्याने डांबलं.

समुद्रानेही पाठ सोडली नाही. पहिल्या चर्चला लाटांचा फटका बसला. शिवाय मंडळी वाढत होती आणि जागा अपुरी पडत होती. म्हणून १७१७ मध्ये नव्या चर्चचं काम सुरू झालं आणि ११ ऑक्टोबर १७१८ रोजी ते खुलं झालं.

आत काय आहे?

चर्चचा आराखडा क्रूसाच्या आकाराचा आहे. क्रूसाच्या चारही भुजा जवळपास सारख्या लांबीच्या आहेत. बाहेरून वळणदार माथ्याचा युरोपीय दर्शनी भाग दिसतो.

आतलं सामान मोजकंच: वेदी, बाप्तिस्म्याचं पात्र, प्रवचनाचा उंच मंच आणि बाकं. लुथरन प्रार्थनेत प्रवचनाला मोठं महत्त्व असतं. बोलणारा दिसणं आणि ऐकू येणं, ही या मांडणीची मुख्य गरज.

वेदीजवळ दोन थडगी आहेत. एक झिगेनबाल्गचं. चर्च खुलं झाल्यावर पाच महिन्यांच्या आत, २३ फेब्रुवारी १७१९ रोजी, वयाच्या अवघ्या ३६व्या वर्षी तो गेला. दुसरं त्याचा सहकारी ग्रुंडलरचं. तो १७२० मध्ये वारला. झिगेनबाल्गच्या अखेरच्या काळात कोपनहेगनहून कडक पत्रं येत होती. मिशनने इमारती आणि व्यवस्था वाढवण्यात शक्ती घालवू नये, असा तिथल्या मिशन मंडळाच्या सचिवाचा आग्रह होता. ज्या इमारतीवरून बोल ऐकावे लागले, तिथेच तो पुरला गेला.

कोण कुठे बसायचं?

छप्पर एक झालं, पण बसण्याची जागा एक झाली नाही. वेल्लाळांसारख्या वरच्या मानल्या जाणाऱ्या जातींतून आलेले ख्रिस्ती आणि परैयर ख्रिस्ती प्रार्थनेला मध्ये अंतर सोडून बसत. मिशनऱ्यांना हे खटकत असे, पण वरच्या जातींचे लोक निघून जातील ही भीतीही होती. त्यामुळे तडजोड झाली. चार भुजांच्या इमारतीत वेगवेगळे गट बसवणं सोपंही होतं.

हा भेद बाकांपुरता राहिला नाही. १७३३ मध्ये आरोन या वेल्लाळ तरुणाला पाद्री म्हणून दीक्षा मिळाली. तो पहिला भारतीय प्रोटेस्टंट पाद्री मानला जातो. पुढे राजनायकन या परैयर धर्मप्रचारकाचं नाव पुढे आलं. त्याचं काम सर्वांना माहीत होतं. पण त्याच्या हातून प्रभुभोजन घ्यायला वेल्लाळ तयार नव्हते. १७४१ मध्ये दीक्षा मिळाली ती डिएगो या दुसऱ्याला.

तंजावरच्या मराठ्यांशी नातं

१७५० मध्ये तरंगमबाडीला आलेला मिशनरी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ पुढे तंजावरच्या दरबारात पोहोचला. दुसरे सरफोजी लहान असताना तो त्यांचा पालक आणि शिक्षक झाला. १७९८ मध्ये तो वारल्यावर सरफोजींनी इंग्लंडमधल्या जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून त्याचं संगमरवरी स्मारक करून घेतलं. तंजावरच्या चर्चमधल्या या शिल्पात राजे मृत्युशय्येवरच्या आपल्या गुरूजवळ उभे आहेत. सरफोजी स्वतः मात्र हिंदूच राहिले.

आज काय स्थिती आहे?

१८४५ मध्ये डेन्मार्कने गाव इंग्रजांना विकलं. चर्च आता १९१९ मध्ये स्थापन झालेल्या तमिळ इव्हँजेलिकल लुथरन चर्चकडे आहे. त्या संस्थेचं मुख्यालय तिरुचिरापल्लीत आहे, तरी तिच्या प्रमुखांना 'तरंगमबाडीचे बिशप' असंच म्हणतात.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने या गावात शेकडो जीव घेतले. किनाऱ्यावरच्या मासिलामणिनाथर मंदिराचा बराच भाग तर त्याआधीच समुद्राने गिळला होता. १७१८ चं चर्च मात्र उभं आहे आणि तिथे आजही तमिळमध्ये प्रार्थना होते.