टसरचा पतंग आणि कॅस्पेज-३ चे प्रतिपिंड

सिरोंच्याच्या बाजूने आणलेल्या टसरच्या पतंगांवर ‘छेदित कॅस्पेज-३’ चे प्रतिपिंड वापरून पेशीमृत्यूचा अभ्यास करावा, असा मानस काही विद्यार्थ्यांनी व्यक्त केला आहे. विषय उत्तम आहे. परंतु हे प्रतिपिंड नेमके काय दाखविते, याचा विचार आधी व्हावयास हवा.

‘नियोजित पेशीमृत्यू’ ही संज्ञा रूढ झाली ती टसरच्याच भाईबंदांमुळे. गडचिरोली जिल्ह्याच्या जंगलांत ऐन व अर्जुन या वृक्षांवर वाढणारी टसरची अळी ॲन्थेरिया या प्रजातीतील होय. याच प्रजातीच्या पतंगांवर हार्वर्ड विद्यापीठात रिचर्ड लॉकशिन व कॅरोल विल्यम्स यांनी संशोधन केले. कोशातून बाहेर पडताना पतंग उदरखंडांमधील ज्या स्नायूंचा उपयोग करतो, ते स्नायू त्यानंतर सुमारे दोन दिवसांत विरून जातात. हा नाश आकस्मिक नसून विकासक्रमातच आखलेला असतो, हे त्यांनी १९६४-६५ मधील निबंधांत दाखविले.

पुढे १९७२ मध्ये केर, वायली व करी यांनी पेशीमृत्यूच्या एका विशिष्ट प्रकारास ‘ॲपॉप्टोसिस’ हे नाव दिले. त्यात पेशी आक्रसते, केंद्रकद्रव्य घट्ट होऊन त्याचे तुकडे पडतात. हे काम कॅस्पेज नावाची एंझाइमे करतात. मानवी कॅस्पेज-३ हे प्रथिन एरवी सुमारे ३२ किलोडाल्टन भाराच्या निष्क्रिय रूपात असते. त्याच्या शृंखलेतील १७५ व्या स्थानी असलेल्या ॲस्पार्टिक अम्लाशी ती छेदली गेली, की सुमारे १७ व १२ किलोडाल्टनचे तुकडे निर्माण होऊन एंझाइम कार्यप्रवण होते. छेदामुळे शृंखलेचे जे नवे टोक उघडे पडते, त्याच्या लगतचा कृत्रिम पेप्टाइड सशास टोचून हे प्रतिपिंड मिळविले जाते. अखंड प्रथिनाला ते चिकटत नाही. केवळ छेदलेल्यालाच चिकटते. सस्तन प्राण्यांच्या ऊतकांत त्याची उपयुक्तता या गुणामुळेच आहे.

कीटकांत मात्र गोष्ट निराळी. फळमाशीत हे प्रतिपिंड मरणाऱ्या पेशी सुरेख रंगविते, म्हणून ते तेथील अंतिम टप्प्यावरील कॅस्पेजांचेच चिन्ह मानले जात असे. फॅन व बर्गमन यांनी २०१० मध्ये असे दाखविले की, ड्राइस व डीसीपी-१ ही दोन्ही कॅस्पेजे नसलेल्या माश्यांतही रंग उमटतो; ड्रॉन्क हे आरंभक कॅस्पेज नसेल तर तो उमटत नाही. म्हणजे रंग उमटला त्याचा अर्थ ड्रॉन्कची क्रिया झाली, एवढाच. प्रतिपिंड ज्याला चिकटते ते प्रथिन कॅस्पेज-३ चेच समरूप असेल असे नव्हे.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. तंबाखूवरील मॅन्डुका पतंगाच्या त्याच उदरस्नायूंची श्वार्ट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासणी केली. ॲपॉप्टोसिसची नेहमीची लक्षणे, विशेषतः डीएनएचे ठराविक तुकडे, तेथे आढळली नाहीत, असे त्यांनी १९९३ मध्ये नमूद केले. तेव्हा टसरच्या स्नायूंत रंग उमटला नाही, तर ‘येथे नियोजित मृत्यू नाही’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे ज्या ऊतकावरून ही कल्पना उदयास आली, त्यातच ती नाकारण्यासारखे होईल!

म्हणून केवळ सूक्ष्मदर्शकातील रंगावर विसंबू नये. प्रथम त्याच ऊतकाचा वेस्टर्न ब्लॉट करून पट्टा कोणत्या भारावर येतो ते पाहावे. रंगसूचक दुय्यम प्रतिपिंड एकटेच वापरून एक काच तयार ठेवावी, कारण कीटकांच्या ऊतकांना स्वतःचीही चमक असते. मूळ पेप्टाइडने प्रतिपिंड आधी बांधून टाकल्यास रंग नाहीसा व्हावयास हवा. मात्र या कसोटीने ते प्रथिन कोणते हे ठरत नाही, हे बहुधा विसरले जाते. कॅस्पेजरोधक द्रव्य दिलेल्या पतंगांशी तुलना करावी, आणि कॅस्पेजच्या क्रियेचे स्वतंत्र मापनही करावे.

एक व्यावहारिक गोष्ट. पतंग कोशातून केव्हा बाहेर पडला ती वेळ तासांत नोंदविलेली असावी, आणि स्नायू तेथेच काढून स्थिरीकरण द्रवात टाकावेत. सिरोंच्याहून गडचिरोलीपर्यंतचा लांबचा प्रवास पतंगास जिवंत घडविला, तर जो मृत्यू पाहावयाचा तो वाटेतच सुरू झालेला असेल.