काठी कुठवर उचलायची?

माझी एक मावशी लोह्याला राहते. गोष्ट वीस-बावीस वर्षांपूर्वीची. मार्गशीर्षातली माळेगावची यात्रा भरली होती. घरातले पुरुष जनावरांचा बाजार बघायला म्हणून गेले आणि मुक्कामालाच राहिले. घरी मावशी, तिच्या दोन शाळकरी मुली आणि अंथरुणाला खिळलेली सासू. थंडी मरणाची, म्हणून दारेखिडक्या घट्ट लावलेल्या. रात्री दीड-दोनच्या सुमाराला मागच्या परसात धप्पकन आवाज झाला. मांजर असेल म्हणून मावशी पडून राहिली. थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या दाराची कडी हलू लागली. बाहेरून कोणीतरी फटीतून सळई घालून ती उचलत होते.

मावशीने कोपऱ्यातले मुसळ उचलले आणि दाराच्या आड उभी राहिली. कडी निघाली, दार लोटले गेले, एक माणूस आत आला. तिने मुसळ घातले. कुठे लागले ते तिला अंधारात दिसले नाही. माणूस किंचाळला, उलटा फिरला आणि परसाच्या भिंतीवरून पळाला.

गोष्ट इथेच संपती तर मी हा लेख लिहिलाच नसता. मावशीच्या ओरडण्याने आळी जागी झाली. चार-पाच जणांनी बोळाच्या तोंडाशी त्याला धरले, चौकातल्या लिंबाला बांधले, आणि मग उजाडेपर्यंत येणारा-जाणारा एकेक हाणून जाऊ लागला. पोलीस आले तेव्हा त्याचा उजवा हात कोपरापासून लोंबत होता. ‘कोणी मारलं?’ असे विचारताच रात्रभर शूर असलेली आळी गप्प झाली. मग एकजण म्हणाला, ‘बाईनं मुसळ घातलं की हो घरात.’

त्या एका वाक्याने मावशीची झोप दोन-तीन महिने उडाली होती. ‘मी मारलं ते खरं हाय. पण हात माझ्याच मुसळानं मोडला का, ते मला काय ठावं?’ असे ती येणाऱ्या प्रत्येकाला विचारी. आपल्याला धरून नेतील, मुलींचे कसे होईल, हीच काळजी. पुढे तिच्यापर्यंत काही आले नाही. पण घरात शिरलेल्या चोराला मारले म्हणून आपणच गुन्हेगार ठरू, ही भीती तिच्या मनातून गेली नाही. मैत्रिणींनो, तुमच्या-माझ्या मनातही ती थोडीफार असतेच, नाही का? म्हणून कायदा काय म्हणतो ते एकदा नीट पाहू या.

आपल्या देहाचे आणि मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क कायद्याने प्रत्येकाला दिला आहे, आणि तो आजचा नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत तो होता. त्या संहितेचा पहिला मसुदा मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये केला, तेव्हाच त्यांनी नोंदवून ठेवले होते की, या देशातले लोक दरोडेखोरांचा जुलूम फार मुकाट्याने सोसतात. त्यांना स्वसंरक्षणात आणखी अडवण्यापेक्षा त्यांची हिंमत वाढवणे बरे. (साहेबाच्या डोळ्यांपुढे तेव्हा पुरुषच असणार, पण कायदा लिहिताना त्याने हक्क सर्वांनाच दिला.) आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात, त्यामुळे ही संहिता आपल्याकडे लागू झाली १९५१ मध्ये. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे आकडे बदलले. स्वसंरक्षणाची कलमे आता ३४ ते ४४ अशी आहेत. गाभा मात्र तोच राहिला.

आणि हा हक्क केवळ स्वतःच्या घरापुरता नाही. दुसऱ्याच्या जिवासाठी, दुसऱ्याच्या मालासाठीही तो वापरता येतो. शेजारणीच्या घरात चोर शिरला आणि तुम्ही लाटणे घेऊन धावलात, तर कायदा तुमच्याही बाजूने आहे.

रात्रीच्या घरफोडीला कायदा सर्वांत गंभीर मानतो. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाच्या आत कोणी घर फोडून आत शिरत असेल, तर त्याला रोखताना प्रसंगी त्याचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही, इथवर हा हक्क जातो. जबरी चोरी आणि राहत्या घराला आग लावणे यांनाही हेच लागू. ‘घर फोडणे’ म्हणजे भिंतीला भगदाडच पाडले पाहिजे असे नाही. कुलूप तोडणे, कडी काढणे, भिंतीवर चढून किंवा खिडकीतून आत येणे, हे सारे त्यातच येते. मावशीच्या घरात आलेला माणूस या व्याख्येत चपखल बसतो.

पण उन्हाळ्यात आपल्याकडे काय होते? वीज गेलेली, जीव कासावीस, म्हणून दार सताड उघडे टाकून आपण गच्चीवर निजतो. त्या उघड्या दारातून कोणी सरळ आत आला, तर ती कायद्याच्या भाषेत घरफोडी होईलच असे नाही. तिथे, किंवा दिवसाढवळ्या झालेल्या साध्या चोरीत, चोराला अडवता येते, ढकलता येते, मारताही येते; मात्र जीव घेण्याइतका हक्क तेव्हाच, जेव्हा आपला जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती असेल. त्याच्या हातात सुरा असला, तो अंगावर आला, तर चित्र पालटते. दोरीवरचे लुगडे ओढून पळणाऱ्या पोराच्या डोक्यात वरवंटा घालणे मात्र कोणत्याच कलमात बसत नाही.

एक अट सगळीकडे लागू आहे, रात्रीच्या घरफोडीलाही. बचावाला लागेल तेवढेच बळ. त्याहून जास्त नाही. आणि पोलिसांना बोलावण्याइतकी सवड असेल तर आधी त्यांना बोलवायचे. यावर कुणी म्हणेल, अंधारात थरथर कापणाऱ्या बाईने ‘लागेल तेवढेच’ कसे मोजायचे? न्यायालयांनाही हे कळते. संकटात सापडलेल्या माणसाने प्रत्येक घाव सोन्याच्या काट्यावर तोलून घालावा, अशी अपेक्षा धरता येत नाही, असे त्यांनी वेळोवेळी सांगितले आहे. स्वतःच्या घरातून पळून जाऊन जीव वाचवायला हवा होता, असेही तुम्हांला कोणी म्हणू शकत नाही.

बाईच्या अंगावर कोणी हात टाकला, तर ते मालमत्तेचे प्रकरणच उरत नाही. बलात्काराच्या इराद्याने आलेला, पळवून नेऊ पाहणारा, आणि २०१३ च्या दुरुस्तीपासून अ‍ॅसिड फेकणारा किंवा फेकू पाहणारा, यांच्यापासून वाचताना हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंतचा हक्क बाईला आहे. दिवस असो, रात्र असो, घर असो की शेताची वाट.

आता जिथे भल्याभल्यांचे पाय घसरतात त्या जागेकडे येऊ. हा हक्क संपतो कुठे? रात्रीच्या घरफोडीत चोर घरात आहे तोवर हा हक्क आहे. तो पाठ दाखवून पळाला की जीवघेण्या माराचा अधिकार तिथे संपला. चोरलेला डाग हातात घेऊन पळत असेल, तर पाठलाग करून तो हिसकावून घ्यायला हरकत नाही. पण ते आपला माल परत मिळवण्यासाठी, राग काढण्यासाठी नव्हे. इंग्लंडमध्ये १९९९ साली टोनी मार्टिन नावाच्या शेतकऱ्याने रात्री घरात शिरलेल्या दोघांवर बंदूक झाडली. त्यांतला सोळा वर्षांचा पोरगा पाठीत गोळी लागून मेला. घर त्याचे, वेळ रात्रीची, शिरलेले चोरच. तरीही मार्टिन खुनाचा दोषी ठरला. पुढे अपिलात तो सदोष मनुष्यवध ठरला आणि त्याची शिक्षा कमी झाली, पण तो सुटला नाही. त्या देशात त्यावरून केवढे वादळ उठले! निम्मे लोक शेतकऱ्याच्या बाजूने होते. मलाही त्याची कीव येते, पण ‘पाठीत गोळी’ या दोन शब्दांपाशी मी अडते.

आपल्या गावाकडे याहून धोक्याची एक चाल आहे, ती म्हणजे तारेत करंट सोडायचा. डुकरांसाठी शेताला सोडतात, आणि मग कोणाला तरी वाटते की परसालाही सोडावा, चोराची खोड मोडेल. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे बिहारातले असे प्रकरण आले होते. एकाने आपल्या संडासात बाहेरच्यांनी येऊ नये म्हणून उघडी तार लावून वीज सोडली. शेजारची एक बाई तिथे गेली, तिचा तारेला हात लागला आणि ती मेली. तिच्या स्वतःच्या संडासाची भिंत पडली होती म्हणून ती बापडी इकडे येत असे. मी माझ्या जागेचे रक्षण करत होतो, हे म्हणणे न्यायालयाने मानले नाही. परवानगीवाचून जागेत आलेल्या माणसालाही जीव असतो. त्याच्यासाठी मरणाचा सापळा लावून ठेवता येत नाही. विजेच्या तारेला चोर कोण आणि पाणी मागायला आलेली शेजारीण कोण, हे कुठून कळणार?

पकडलेल्या चोराचेही तसेच. डोळ्यांदेखत घरफोडीसारखा गंभीर गुन्हा करणाऱ्याला सामान्य माणूसही धरून ठेवू शकतो. मात्र त्याला विनाविलंब, आणि फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या ताब्यात द्यायला हवे. लिंबाला बांधून ठोकण्याचा अधिकार कोणाला नाही. तो बांधलेला आहे, म्हणजेच धोका टळलेला आहे. त्यानंतरचा प्रत्येक फटका हा नवा गुन्हा. आणि तो खरोखर चोरच आहे, हे तरी कोणी ठरवले? १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावात, चोर आले आहेत या अफवेवरून जमावाने दोन साधू आणि त्यांचा गाडीवान अशा तिघांना ठार मारले. टाळेबंदीच्या दिवसांत ते एका अंत्यविधीसाठी सुरतेकडे निघाले होते. त्याआधी १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरे पळवणारे समजून भिक्षा मागत हिंडणारे पाच जण असेच गेले. घरे राखायला जागणाऱ्यांच्याच हातून हे होते. आपले पुरुष रात्री काठ्या घेऊन गस्तीला निघतात तेव्हा ‘सांभाळून जा’ म्हणताना हेही सांगून ठेवावे.

प्रसंग येऊन गेल्यावर काय करायचे, हेही सांगते, कारण घाबरून आपण भलतेच करून बसतो. ११२ क्रमांक फिरवावा. तो कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा, म्हणजे सासूबाईंनाही दिसेल. सांडलेले रक्त पुसू नये, मोडलेली कडी जागची हलवू नये, मुसळ धुऊन ठेवू नये. तीच तर आपली साक्ष. घरातले कोणी म्हणेल, ‘तू मारलंस असं सांगू नको, तो आपला आपण पडला म्हण.’ ऐकू नका. मी बचाव केला हे दाखवण्याची जबाबदारी कायद्याने आपल्यावरच टाकली आहे. सरकार पक्षाला गुन्हा जितका पक्का सिद्ध करावा लागतो, तितके पक्के आपल्याला करावे लागत नाही. आपले म्हणणे संभवनीय वाटले तरी पुरते. पण ‘मारलेच नाही’ म्हणणाऱ्या बाईला ‘बचावासाठी मारले’ हे मग कोणत्या तोंडाने सांगता येईल? शांतपणे, घडले तसे सांगावे. वकिलाशी बोलायचे असेल तर तसेही म्हणावे.

परवा लोह्याला गेले होते तेव्हा मावशीला हे सगळे समजावून सांगितले. दार लोटून तो आत आला, तू मुसळ घातलेस, तिथवर तुझे काही चुकले नव्हते. हात त्या घावाने मोडला असता तरीही. ती गवारीच्या शेंगा मोडत ऐकत होती. बराच वेळ काही बोलली नाही.

मग म्हणाली, ‘आन् लिंबाखाली मारायले होते, तवा मी दारातूनच बघत होते. त्याला पाणी तेवढं नेऊन दिलं. सोडा म्हणलं असतं तर ऐकले असते का गं माय त्यायनी?’