गाठीचा दुसरा रिपोर्ट

बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडला, की घरातली माणसे आधी एकच शब्द शोधतात. तो सापडला, की कागद पिशवीत जातो आणि प्रश्न सुरू होतात : कितवी स्टेज? कुठले हॉस्पिटल? खर्च किती? काही दिवसांनी आणखी एक कागद येतो. त्यावर ईआर, पीआर, हर-टू, केआय-६७ अशी अक्षरे आणि पुढे आकडे. तो मात्र सहसा कुणी नीट पाहत नाही. खरे तर स्तनाच्या कॅन्सरवर कोणती औषधे लागू पडतील, हे बरेचसे या दुसऱ्या कागदावरच ठरते.

पेशीला वाढायला निरोप यावा लागतो आणि तो घेणारी प्रथिने तिच्याकडे असतात. ईआर आणि पीआर ही स्त्री-हार्मोन्सचा निरोप घेतात. हर-टू पेशीच्या बाहेरच्या आवरणावर असते. निरोगी पेशीतही ते असतेच. पण पाच-सहा रुग्णांमागे एकीच्या गाठीत ते इतके बेसुमार वाढलेले असते, की दारावरची घंटा जणू वाजायची थांबतच नाही. अशा रुग्णांचा आजार लवकर उलटतो, हे अमेरिकेतील डॉ. डेनिस स्लॅमन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवले. १९९८ मध्ये हर-टूलाच जाऊन चिकटणाऱ्या हर्सेप्टिन या औषधाला तिथे मान्यता मिळाली. ज्या रिपोर्टने डॉक्टरांचाही चेहरा उतरायचा, तोच उपचाराचा धागा झाला!

निरोप पोचल्यावर पेशीच्या आत सायक्लिन नावाची प्रथिने कामाला लागतात. त्यांचा शोध लागला तो सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यांत. पेशीच्या प्रत्येक विभाजनाबरोबर एक प्रथिन साठते आणि नाहीसे होते, हे टिम हंट यांना १९८२ मध्ये दिसले. २००१ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी. या अंड्यांचा आपल्या घरातल्या मावशीच्या आजाराशी काय संबंध, असे वाटेल. पण सायक्लिनचे जोडीदार असलेल्या प्रथिनांना रोखणारी पाल्बोसिक्लिब ही गोळी २०१५ मध्ये अमेरिकेत आली. हार्मोन्सवर पोसणारा आजार शरीरात पसरला असेल, तर ती हार्मोनविरोधी औषधाबरोबर देतात.

केआय-६७ हे विभाजनाच्या तयारीत असलेल्या पेशींतच दिसणारे प्रथिन. गाठ किती वेगाने वाढते आहे, याचा अंदाज त्यावरून येतो. नावातले ‘केआय’ म्हणजे जर्मनीतले कील हे गाव, जिथे ते सापडले.

या साऱ्या तपासण्या काढलेल्या तुकड्यावर होतात आणि तोच नासला, तर आकडे फसवे निघतात. तुकडा तासाभराच्या आत फॉर्मालिनमध्ये पडायला हवा. साध्या पाण्यात किंवा सलाइनमध्ये बुडवून गावोगाव नेलेला चालत नाही. गाठ ‘साधीच दिसते’ म्हणून तपासणीविना टाकून देऊ नये, हे तर अगदी पहिले. हर-टूपुढे ‘२ प्लस’ लिहिले असेल, तर निकाल अर्धवट आहे असे समजा आणि ‘फिश’ नावाची पुढची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारा.

तुकडा मेणात बसवून त्याचा छोटा ब्लॉक करतात. डॉक्टर किंवा शहर बदलायचे असेल, तर रिपोर्टबरोबर तो ब्लॉकही लॅबकडून मागून घ्या, कारण त्यावर पुन्हा तपासणी करता येते. प्रवासात मात्र तो उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवू नका. मेण वितळते.