आधी कानांनी वाचू द्या

दक्षिण प्रशांत महासागरातल्या फिजी बेटांवर १९८० साली एक साधा पण धाडसी प्रयोग झाला. तिथल्या खेड्यांतली मुले घरी फिजी भाषा किंवा हिंदी बोलत. शाळेत मात्र चौथीपासून इंग्रजी माध्यम सुरू होई. इंग्रजी शिकवायची ठरलेली रीत होती. शिक्षकाने वाक्यांचे साचे म्हणायचे, मुलांनी ते त्याच्यामागून म्हणून पक्के करायचे. वॉरविक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई या अभ्यासकांनी काही ग्रामीण शाळांच्या चौथी-पाचवीच्या वर्गांत गोष्टींची प्रत्येकी २५० पुस्तके पोचवली. त्यातल्या काही वर्गांत शिक्षक रोज वीस-तीस मिनिटे मोठ्याने गोष्ट वाचत, चित्रांवर मुलांशी बोलत, पुढे काय होईल ते विचारत. काही वर्गांत मुले तेवढाच वेळ मनातल्या मनात वाचत. तुलनेसाठी निवडलेल्या, पुस्तके न मिळालेल्या वर्गांत जुनीच रीत चालू राहिली.

पहिल्या वर्षाअखेर पुस्तके मिळालेल्या दोन्ही प्रकारच्या वर्गांतली मुले वाचनात आणि ऐकून समजण्यात नेहमीच्या जवळजवळ दुप्पट वेगाने पुढे गेलेली दिसली. दुसऱ्या वर्षी हा फायदा भाषेच्या इतर अंगांत, अगदी लेखनातही उतरला. वाक्यांचे साचे घोटण्यापेक्षा गोष्टींत बुडून जाणे भाषा शिकायला अधिक उपयोगी पडले होते.

फिजीची ही हकीकत महाराष्ट्रातल्या शिक्षकांना दूरची वाटायला नको. पालघरमधले वारली बोलणारे मूल, नंदुरबारमधले पावरी बोलणारे मूल किंवा तांड्यावरचे गोरमाटी बोलणारे मूल पहिलीत येते, तेव्हा त्याच्यापुढची प्रमाण मराठी त्याला बरीचशी परकीच असते. आणि ज्यांच्या घरी मराठीच बोलली जाते, त्यांची तरी छापील मराठीशी कुठे ओळख असते? ‘अरे, तो बघ पळाला!’ ही घरातली भाषा झाली. पुस्तकात हेच ‘तो लगबगीने निघाला खरा, परंतु वाटेत नदी आडवी आली’ असे भेटते. ‘लगबगीने’, ‘परंतु’, ‘आडवी आली’ हे शब्द स्वयंपाकघरात किंवा बसस्टॉपवर क्वचितच कानी पडतात. लांब वाक्य, त्यातले वळण, शेवटी येणारे क्रियापद हे सारे कानाला आधी सवयीचे झालेले नसेल, तर अक्षरे ओळखता येऊनही मूल वाक्याच्या मध्यावर हरवते.

हा फरक मोजलाही गेला आहे. डोनाल्ड हेज आणि मार्गारेट आरेन्स यांनी १९८८ मध्ये इंग्रजीतल्या बोलण्याची आणि छापील मजकुराची तुलना प्रसिद्ध केली. नेहमीच्या वापरातले दहा हजार शब्द बाजूला काढले आणि उरलेले ‘दुर्मीळ’ मानले, तर पदवीधर माणसांच्या आपसातल्या गप्पांमध्ये दर हजार शब्दांमागे सुमारे १७ दुर्मीळ शब्द निघाले. मुलांच्या पुस्तकांत ते सुमारे ३१ होते. मूल शिकलेल्या घरात वाढते म्हणून पुस्तकाची भाषा त्याला आपोआप मिळेल, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. ती पुस्तकातूनच येते, आणि ज्याला अजून वाचता येत नाही त्याच्यापर्यंत ती दुसऱ्या कुणाच्या आवाजातूनच पोचू शकते.

महाराष्ट्राला हे एका अर्थाने जुनेच ठाऊक आहे. श्रावणात घरोघरी ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ लागत असे. एक जण पोथी वाचायचा, आळीतल्या बायका ऐकायला जमायच्या. त्यांतल्या कितीतरींना अक्षरओळख नव्हती, पण या पोथ्या रचणाऱ्या श्रीधरस्वामींची ओवी त्यांच्या कानांना परकी नव्हती.

मग नुसते वाचून दाखवले की मूल वाचू लागेल का? नाही. इथे उत्साही मंडळींनी जरा थांबावे. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ साली मांडलेले सूत्र सोपे आहे: वाचन म्हणजे अक्षरांचा उलगडा गुणिले भाषेची समज. दोहोंपैकी एक शून्य असेल तर गुणाकारही शून्यच. मोनिक सेनेशाल आणि जो-ॲन लफेव्र यांनी कॅनडात मुलांचा काही वर्षे मागोवा घेतला, तेव्हा या दोन वाटा स्पष्ट वेगळ्या दिसल्या. घरी गोष्टी ऐकण्याचा संबंध शब्दसंपत्तीशी आणि समजेशी होता, तर आईबाबांनी मुद्दाम अक्षरे दाखवण्याचा संबंध सुरुवातीच्या अक्षरज्ञानाशी. गोष्ट ऐकताना मुलांची नजर कुठे फिरते हेही तपासले गेले आहे. ती जवळजवळ सारा वेळ चित्रांवर असते, मजकुरावर फार थोडी.

मराठी मुलासाठी हा मुद्दा वजनदार आहे. देवनागरीत स्वर आणि व्यंजने शिकून काम संपत नाही. पुढे बाराखडी येते, रफार येतो, जोडाक्षरे येतात. सोनाली नाग यांच्या कन्नड मुलांवरच्या संशोधनात अशा लिपीवर पकड यायला चौथी-पाचवीपर्यंतचा काळ लागतो, असे दिसले. पालघरच्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातही तिसरीच्या टप्प्यावर अनेक मुले मात्रा लावलेल्या अक्षरांशी झगडताना आढळली. वर्गातला बहुतेक वेळ अक्षरे गिरवण्यात आणि फळ्यावरून उतरवून घेण्यात जात होता. अर्थ आणि गप्पा मागे पडल्या होत्या. म्हणजे अक्षरे शिकवायला हवीतच, नेटाने शिकवायला हवीत. मात्र ‘आधी सगळी बाराखडी, मग गोष्ट’ हा क्रम घातक आहे. लिपी शिकायला तीन-चार वर्षे लागत असतील, तर तेवढा काळ मुलाला पुस्तकाच्या भाषेवाचून उपाशी ठेवून कसे चालेल?

वाचून कसे दाखवावे, यावर हाती बरेच ठोस पुरावे आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक इथे ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांच्या पालकांचे दोन गट केले. वाचन दोन्ही घरी होत होते. फक्त एका गटाला शिकवले की ‘हो-नाही’त संपणारे प्रश्न टाळा, ‘इथे काय चाललंय?’ असे विचारा, मूल जे बोलेल त्यात दोन शब्दांची भर घालून ते परत म्हणा. महिनाभरातच या गटातली मुले बोलण्याच्या आणि शब्दांच्या चाचण्यांमध्ये दुसऱ्या गटाच्या सहा ते साडेआठ महिने पुढे होती. १९८८ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग लहान होता, पण त्यामुळे लक्ष योग्य जागी गेले. पुस्तक मोठ्यांच्या हातात असले तरी बोलायचे मुलाने.

मूल म्हणते, ‘बाघा पडला.’ आई म्हणते, ‘हो, वाघोबा चिखलात धपकन पडला! आता कसा उठेल रे?’ एवढेच करायचे आहे. गोष्ट पुढे सरकली नाही तरी हरकत नाही.

फिजीचा प्रयोग करणाऱ्या एलींनीच पुढे न्यूझीलंडमध्ये सात-आठ वर्षांच्या मुलांना वर्गात गोष्टी वाचून दाखवून नवे शब्द किती लागतात ते पाहिले. काही न समजावता नुसती गोष्ट ऐकली तर सुमारे १५ टक्के शब्द मुलांनी उचलले. शिक्षकाने वाचता वाचता चित्रावर बोट ठेवून किंवा सोपा पर्याय सांगून शब्द उलगडला, तेव्हा सुमारे ४० टक्के. आणि ‘तीच गोष्ट पुन्हा’ हा हट्ट? तो पुरवावाच. ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट यांनी तीन वर्षांच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात, तेवढेच नवे शब्द तेवढ्याच वेळा ऐकूनही, एकच गोष्ट परत परत ऐकणाऱ्या मुलांच्या ते चांगले लक्षात राहिले. निरनिराळ्या गोष्टींतून ते ऐकणारी मुले मागे पडली.

ज्या घरात कुणालाच वाचता येत नाही, तिथे काय? पश्चिम केनियाच्या खेड्यांत मुलांच्या ओळखीच्या परिसरातली चित्रांची पुस्तके वाटून पालकांना चित्रांवरून गप्पा मारायला शिकवले गेले. निरक्षर पालकांच्या मुलांनाही साक्षर पालकांच्या मुलांइतकाच लाभ झाला. आजी पुस्तक उघडते आणि चित्र बघून स्वतःच्या बोलीत गोष्ट रचते, तेव्हाही पान उलटणे, चित्रांचा क्रम लावणे, सुरुवात आणि शेवट ओळखणे हे सगळे मूल शिकतच असते.

शाळेकडे यावे तर एक गोष्ट खुपते. डी.एड.च्या पाठटाचणात ‘आदर्श वाचन’ आणि ‘प्रकट वाचन’ या पायऱ्या कित्येक पिढ्यांच्या शिक्षकांनी लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष वर्गात शिक्षकाचे आदर्श वाचन दोन मिनिटांत उरकते. प्रकट वाचन म्हणजे एकेका मुलाने उभे राहून परिच्छेद वाचायचा आणि बाकीच्यांनी आपली पाळी मोजत बसायचे. अडखळणाऱ्या मुलासाठी ती रोजची परीक्षा होते. त्याचे वाचन ऐकायला हवेच, पण जवळ बसवून, चुकले तर तिथल्या तिथे सावरून. वर्गाने ऐकायचे ते शिक्षकाचे वाचन, आणि ते गुणांसाठी नसावे. गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक लक्ष्मीशंकर चौथीच्या वर्गात शिरतो तो गोष्टी घेऊनच. भावनगरला गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे बोर्डी-कोसबाडला बालशिक्षणाची जी वाट घातली, तिच्यातही गोष्ट आणि गाणी ही करमणुकीची भर नव्हती, शिकण्याचाच भाग होती.

सगळ्यात मोठे नुकसान मात्र तिसरीनंतर होते. मुलाला वाचता आले, आता त्याचे त्याने वाचावे, असे घर आणि शाळा दोघेही ठरवून टाकतात. वस्तुस्थिती अशी की, ग्रामीण भारतात तिसरीतल्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत २०२२ साली २०.५ टक्के आणि २०२४ साली २७.१ टक्के होती. ज्यांना वाचता येते, त्यांचेही कान डोळ्यांच्या पुढेच असतात. थॉमस स्टिच्ट यांनी जमवलेल्या अभ्यासांनुसार ऐकून समजण्याची पातळी साधारण सातवी-आठवीपर्यंत वाचून समजण्याच्या वर राहते. सहावीतला मुलगा जे पुस्तक एकटा हाती घेणार नाही, ते कुणी वाचले तर खिळून ऐकतो.

मग वाचायचे काय? ‘श्यामची आई’ची प्रकरणे रात्रींची आहेत: रात्र पहिली, रात्र दुसरी. साने गुरुजींनी तिची मांडणीच ऐकणाऱ्यांसमोर गोष्ट सांगण्याची केली. लहानांसाठी माधुरी पुरंदरे यांची पुस्तके आहेत, प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीव्हीवर’वर मराठीतल्या गोष्टी फुकट वाचता येतात. मराठीच्या तासातली दहा मिनिटे रोज राखून ठेवली, तर सहामाहीपर्यंत एक जाडजूड पुस्तक संपते. चाळीस मुलांच्या वर्गाला त्यासाठी एकच प्रत पुरते.