अडगळीतल्या सुट्या भागांतून दिवाणखान्याचा संगणक

गोव्यातील अनेक घरांत माळ्यावर किंवा जिन्याखाली एखादा जुना संगणक चादरीखाली झाकून ठेवलेला आढळतो. कोणा घरी तो सायबरएज योजनेतून अकरावीतल्या मुलासाठी आलेला असतो, कोणा घरी पहिल्या पगारातून घेतलेला. मुले शिकून नोकरीला लागली, घरातली कामे मोबाईलवर होऊ लागली आणि यंत्र बाजूला पडले. मात्र ते भंगारात द्यायला कोणाचे मन होत नाही. या अडगळीत आता नवी भर पडली आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढील पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा लागते. त्यामुळे सातव्या पिढीपर्यंतचे संगणक कार्यालयांतून काढून टाकले जात आहेत. त्यांत बिघाड काहीच नाही. नव्या प्रणालीच्या अटींत ते बसत नाहीत, एवढाच त्यांचा दोष.

या दोन्ही ढिगांतून दूरचित्रवाणी संचाच्या मागे मावणारा, आवाज न करणारा आणि वीज बेताने खाणारा संगणक उभा राहू शकतो. मात्र कोणता जुना भाग घ्यावा आणि कोणता सोडून द्यावा, यावरच त्याचे यश अवलंबून असते.

प्रथम एक प्रामाणिक हिशेब. केवळ यूट्यूब आणि एक-दोन चित्रपटसेवा पाहायच्या असतील, तर तीन-चार हजार रुपयांची स्टिक विकत घेणे सोपे आहे आणि त्यात कमीपणाही नाही. संगणकाचे प्रयोजन त्यापुढे सुरू होते. चतुर्थीच्या भजनांची आणि गावच्या नाटकांची चित्रीकरणे, वीस वर्षांची कौटुंबिक छायाचित्रे एका जागी ठेवून मोठ्या पडद्यावर पाहता येतात. मुलाचा गृहपाठ, सरकारी अर्ज, वीजबिल ही कामे आजोबांना चष्मा न शोधता दिसतील एवढ्या अक्षरांत करता येतात. शिवाय स्मार्ट टीव्हीमधील अ‍ॅप काही वर्षांनी अद्ययावत होणे थांबते आणि धडधाकट पडदा मुका होतो. मागे संगणक जोडला, की तो पडदा केवळ पडदा म्हणून आणखी दहा वर्षे चालू शकतो.

आता माळ्यावरच्या त्या टॉवरकडे वळू. तो पेंटियम ४ च्या काळातला असेल, तर दिवाणखान्यासाठी त्याचा नाद सोडावा हेच बरे. त्या मालिकेतील अखेरच्या काही प्रोसेसरांची उष्णता एकट्यानेच ११५ वॅटपर्यंत जात असे. असे यंत्र काही न करता नुसते चालू असले तरी सुमारे ८० वॅट खाते, असे धरू. दिवसाला चार तास म्हणजे वर्षाला जवळपास ११७ युनिट. त्याच कामासाठी दहा वर्षांपूर्वीचा छोटा कार्यालयीन संगणक सुमारे १२ वॅटवर भागवतो, म्हणजे वर्षाला साडेसतरा युनिट. एवढे करूनही पेंटियमला आजचा यूट्यूबवरील व्हिडिओ धड चालवता येत नाही. त्या टॉवरचा कळफलक, माऊस, स्पीकर आणि केबली तेवढ्या बाजूला काढाव्यात.

खरी कामाची वस्तू म्हणजे कार्यालयांतून निघणारा ‘मिनी’ संगणक. लेनोव्होचा थिंकसेंटर टायनी, डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचा एलिटडेस्क मिनी ही त्यातली नेहमी आढळणारी नावे. सुमारे १८ सेंटिमीटर लांब-रुंद आणि साडेतीन सेंटिमीटर जाड असा हा डबा बँकांत आणि कंपन्यांत मॉनिटरच्या पाठीला चिकटवलेला असे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत आणि ऑनलाईन विक्रेत्यांकडे सहाव्या-सातव्या पिढीचा असा डबा साधारण पाच ते नऊ हजारांत मिळतो. प्रोसेसरच्या नावावरून पिढी ओळखता येते: आय-फाईव्ह ६५००टी मधील पहिला ६ म्हणजे सहावी पिढी, आणि शेवटचा ‘टी’ म्हणजे ३५ वॅटची कमी विजेची आवृत्ती.

या डब्याची सर्वांत मोठी सोय त्याच्या पोटात आहे. आकार लहान ठेवण्यासाठी त्यात लॅपटॉपचेच भाग वापरलेले असतात: तीच आखूड रॅम, तीच अडीच इंची डिस्क. म्हणजे घरात बंद पडलेला, बिजागरी तुटलेला किंवा चहा सांडून गेलेला लॅपटॉप असेल, तर त्याची रॅम आणि एसएसडी बहुधा या डब्यात जशीच्या तशी बसते. २०२५ च्या अखेरीपासून नव्या मेमरीचे दर झपाट्याने वाढल्यामुळे ही जुनी रॅम आता क्षुल्लक राहिलेली नाही. एवढेच पाहावे की डीडीआर३ आणि डीडीआर४ या पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते. एकीची दुसरीत जात नाही आणि बळजबरी केल्यास मदरबोर्डची खोबण तुटते. चार जीबीवर काम रडतखडत चालते, आठ जीबी पुरे होते. जुनी फिरती हार्ड डिस्क मात्र मुख्य डिस्क म्हणून ठेवू नये. एसएसडी बसवल्याने जुन्या यंत्राचा जेवढा कायापालट होतो, तेवढा दुसऱ्या कोणत्याही खर्चाने होत नाही. फिरती डिस्क चित्रीकरणांच्या साठ्यासाठी चालेल, तीही तिच्यातील खराब सेक्टरांची तपासणी करून.

सहावी पिढी घ्यावी की सातवी, हा प्रश्न नुसत्या वेगाचा नाही. इंटरनेटवरील व्हिडिओ दाबून लहान केलेला असतो आणि तो उलगडण्याचे काम ग्राफिक्सच्या भागाला जमले, तर प्रोसेसर जवळजवळ मोकळा राहतो. जमले नाही, तर सगळा भार प्रोसेसरवर येतो, पंखा घोंघावू लागतो आणि चित्र अडखळते. यूट्यूब मोठ्या प्रमाणावर व्हीपी९ ही पद्धत वापरते आणि इंटेलच्या सातव्या पिढीपासून ती हार्डवेअरमध्येच उलगडते. म्हणून हजार-पाचशे अधिक पडत असले तरी सातवी पिढी घेण्यात शहाणपण आहे. चौथ्या-पाचव्या पिढीचे यंत्र फुकटात मिळाले, तर ब्राउझरमध्ये यूट्यूबला जुनी एच.२६४ पद्धत वापरायला भाग पाडणारे छोटे एक्स्टेन्शन घालून १०८० पर्यंतचे चित्र स्वच्छ पाहता येते.

सर्वांत स्वस्त मार्ग याहून साधा आहे: पडदा फुटलेला लॅपटॉप. दुरुस्तीचा खर्च ऐकून तो कपाटात गेलेला असतो. पण त्याची एचडीएमआय जोडणी शाबूत असेल, तर तो आजच दिवाणखान्याचा संगणक आहे. फुगलेली बॅटरी मात्र आधी काढून टाकावी, आणि ती टोचू नये, दाबू नये, घरच्या कचऱ्यात टाकू नये.

जुना डबा विकत घेताना विक्रेत्यासमोर तो चालू करून बायोसपर्यंत जावे. कंपन्यांतून आलेल्या यंत्रांना अनेकदा बायोसचा पासवर्ड लावलेला असतो आणि तो काढणे सामान्य ग्राहकाच्या हातचे नसते. तारीख वारंवार मागे जात असेल, तर आतला सीआर२०३२ सेल संपला आहे. तो किरकोळ खर्चात बदलता येतो. अ‍ॅडॉप्टर मूळचाच आहे का, हे पाहणे महत्त्वाचे. डेल आणि एचपीच्या यंत्रांना अ‍ॅडॉप्टरची ओळख पटावी लागते. नकली अ‍ॅडॉप्टर ओळखला गेला नाही, तर यंत्र चालते, पण प्रोसेसर मुद्दाम मंद केला जातो. ग्राहक मग प्रोसेसरलाच दोष देत बसतो. अ‍ॅडॉप्टर बाहेर असण्याचा फायदा असा, की उच्च दाबाचा भाग डब्यात नसतो. टॉवरमधला वीजपुरवठ्याचा पत्र्याचा डबा मात्र घरी कधीही उघडू नये. बटण बंद केल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये विजेचा भार शिल्लक असतो.

वापरलेल्या संगणकांतून नवे काम उभे करण्याचा विचार गोव्याला नवा नाही. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत परदेशस्थ गोमंतकीयांच्या पुढाकाराने अमेरिकेतील वापरलेले संगणक इथल्या शाळांसाठी आणण्यात आले होते आणि त्या प्रकल्पाने लिनक्सची वाट धरली होती. परवान्याच्या पैशांचा प्रश्न होताच. शिवाय जुन्या यंत्राला झेपेल अशी प्रणाली हवी होती. पंचवीस वर्षांनी नेमकी हीच दोन कारणे घरच्या दिवाणखान्यात पुन्हा उभी आहेत.

पाठबळ संपलेल्या विंडोजवर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे आहे. लिनक्स मिंट ही प्रणाली विनामूल्य आहे, तिची मांडणी विंडोज वापरलेल्या माणसाला परकी वाटत नाही आणि तिच्यात मराठी टंकलेखनाची सोय आहे. पेनड्राईव्हवरून ती आधी चालवून पाहता येते. वायफाय, आवाज, चित्र सगळे जमते आहे याची खात्री झाल्यावरच डिस्कवर बसवावी. केवळ स्वतःच्या संग्रहातील चित्रपट आणि छायाचित्रे पाहायची असतील, तर कोडी हे सॉफ्टवेअर पुरते. त्याचा उगमही मजेशीर आहे: दोन दशकांपूर्वी मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्राला हौशी प्रोग्रामरांनी चित्रपट दाखवायला लावले, त्यातून ते जन्मले, कोडी हे नाव २०१४ मध्ये आले. लिनक्सची एक मर्यादा सांगायला हवी. काही सशुल्क चित्रपटसेवा ब्राउझरमधून पूर्ण स्पष्टतेचे चित्र देत नाहीत. त्यांची आवड असलेल्यांनी स्टिकही जवळ ठेवावी.

जोडणी करताना तीन गोष्टी हमखास छळतात. चित्राच्या कडा कापल्या जातात; तो संगणकाचा दोष नसून टीव्हीच्या चित्रमांडणीत ‘जस्ट स्कॅन’ किंवा तत्सम पर्याय निवडावा लागतो. आवाज येत नाही. कारण प्रणाली अजून डब्याच्या स्पीकरकडे आवाज पाठवत असते, तिथे एचडीएमआय निवडावे. बिनतारी कळफलक सोफ्यावरून अडखळतो. हे तिसरे कोडे अनेकांना सुटत नाही. वेगवान यूएसबी ३.० जोडणीतून निघणारा विद्युतगोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या बिनतारी लहरींत मिसळतो. कळफलकाचा रिसिव्हर जुन्या यूएसबी २.० खोबणीत किंवा हातभर लांबीच्या एक्स्टेन्शन वायरला लावला, की तो गुणी मुलासारखा वागतो.

इंटरनेटवर अशा यंत्रांसाठी मिळणाऱ्या बहुतेक सूचना थंड, कोरड्या देशांत लिहिलेल्या असतात. हवामान बदलले की तोच डबा वेगळी काळजी मागतो. मराठी मुलखाच्या दोन टोकांची तुलना केली, तर हे लख्ख दिसते. मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्यातले, महाराष्ट्राच्या सीमेलगतचे इच्छापुर हे देवीचे गाव इंदूरकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे. भोवती तापीच्या खोऱ्यातील केळीच्या बागा. तिथे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. बाहेरची हवा जितकी तापते, तितकाच प्रोसेसरही तापतो. शंभर अंशांच्या आसपास गेला की तो स्वतःला वाचवण्यासाठी गती कमी करतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंश वाढीला सुमारे निम्मे होते, हा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. म्हणून अशा गावी डबा बंद टीव्ही-कपाटात कोंडू नये, वाळलेली थर्मल पेस्ट आधी बदलावी आणि रस्त्याची धूळ महिन्याकाठी झटकावी.

गोव्यात शत्रू वेगळा आहे. इथे दमट आणि किनाऱ्यालगत खारी हवा रॅमच्या सोनेरी टोकांवर थर चढवते. पावसाळ्यात ‘चालूच होत नाही’ म्हणून दुकानात आलेली अनेक यंत्रे रॅम काढून तिची टोके खोडरबराने हलकेच पुसल्यावर जिवंत होतात. दमट दिवसांत बंद ठेवलेले यंत्र चालू यंत्रापेक्षा लवकर खराब होते, कारण चालू यंत्राची ऊब ओल धरू देत नाही. जून ते सप्टेंबर रोज अर्धा तास तरी ते सुरू ठेवावे. गडगडाट सुरू होताच विजेच्या प्लगबरोबर इंटरनेटची तांब्याची वायर आणि केबल टीव्हीची वायरही काढावी. नुसता प्लग काढून निश्चिंत झालेल्या घरांत मागच्या दाराने वीज शिरते. मुंग्या आणि पाली उबदार डब्यात घर करतात, त्यामुळे वापरात नसलेल्या मोठ्या फटींना बारीक जाळी लावावी, मात्र हवेची वाट पूर्ण बुजवू नये. वीज वारंवार जाणाऱ्या गावांत छोटा यूपीएस असल्यास डिस्कवरील नोंदी बिघडत नाहीत.

काम झाल्यावर उरलेला ढीग पुन्हा माळ्यावर जातो, आणि तिथेच निष्काळजीपणा होतो. जुन्या डिस्कमध्ये आधार कार्डाच्या प्रती, बँकेची पत्रे, मुलांची छायाचित्रे असतात. फाईल डिलीट केल्याने किंवा साधे फॉरमॅट केल्याने ती पुसली जात नाहीत. फिरत्या डिस्कवर सर्वत्र नवी माहिती लिहिणारा प्रोग्राम एकदा पूर्ण चालवावा. एसएसडीला निर्मात्याने दिलेला सुरक्षित पुसण्याचा आदेश द्यावा. चालत नसलेल्या डिस्कच्या तबकड्यांना भोके पाडावीत. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद आहे. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. घरापुरते एवढेच करायचे, की मदरबोर्ड आणि बॅटऱ्या वायर जाळून तांबे काढणाऱ्या भंगारवाल्याच्या हाती न देता पालिका किंवा पंचायत ई-कचरा घेते त्या दिवसापर्यंत खोक्यात कोरड्या जागी ठेवायच्या. बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावायला विसरू नये.