ऑपरेटिंग सिस्टिममधील प्रोसेसरनिहाय माहिती आणि मेमरीचा खर्च

नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्याच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या टाटा समूहातील संस्थेचा 'एका' हा महासंगणक जागतिक क्रमवारीत चौथा ठरला. त्यात चौदा हजारांहून अधिक कोअर होते. मात्र प्रत्येक घटक-संगणकावर लिनक्सचे स्वतंत्र कर्नल चालत असे व त्याच्या वाट्याला आठच कोअर येत. प्रस्तुत विषयात महत्त्व आहे ते या दुसऱ्या आकड्याला; एकाच कर्नलखाली हजारो प्रोसेसर आले की प्रश्न बिकट होतो.

ग्रंथालयात देवघेवीची एकच नोंदवही असेल तर चार कारकुनांना ताटकळावे लागते. प्रत्येकास स्वतंत्र वही दिल्यास काम वेगाने होते. दिवसअखेर बेरीज तेवढी करावी लागते. कर्नलही प्रत्येक प्रोसेसरला काउंटर, याद्या इत्यादींची स्वतंत्र प्रत देते. वेग वाढतो, पण वह्यांचा खर्चही वाढतो.

हा खर्च किती असावा? काउंटर ८ बाइटचा असतो. परंतु कॅशमधील माहिती सामान्यतः ६४ बाइटच्या ओळींनी हलते. शेजारच्या दोन प्रोसेसरांचे काउंटर एकाच ओळीत आले तर ती ओळ दोघांत सतत ओढली जाते व स्वतंत्र प्रतींचा लाभच नाहीसा होतो. म्हणून प्रत्येक काउंटरला पूर्ण ओळ देण्याची रीत पडली. आज अनेक लिनक्स वितरणांचे कर्नल ८,१९२ प्रोसेसरांच्या क्षमतेने तयार केलेले असते. या रीतीने एका काउंटरसाठी ५१२ किलोबाइट राखून ठेवावे लागतील. घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावी महाविद्यालयात दोन कोअरचा संगणक असेल, तर त्यांपैकी १२८ बाइटच कामी येतील!

यावरील उपाय असा, की एका प्रोसेसरची सर्व माहिती एकाच सलग भागात ठेवावी आणि संगणक सुरू होताना त्या भागाच्या आवश्यक तेवढ्याच प्रती काढाव्यात. मग ८ बाइटच्या काउंटरला प्रत्येक प्रतीत ८ बाइटच पुरतात. २००९ मधील २.६.३० या आवृत्तीत तेजुन हिओ यांच्या वाटपपद्धतीने याला सुव्यवस्थित रूप दिले. तथापि प्रती निघतात त्या 'संभाव्य' प्रोसेसरांच्या. पुढे बसवता येतील अशा रिकाम्या जागा फर्मवेअरने जाहीर केल्या, की नसलेल्या प्रोसेसरांसाठीही मेमरी अडकते.

याहून मोठा खर्च 'स्लॅब' या मेमरीवाटप पद्धतीत होता. तिच्या रांगा प्रत्येक प्रोसेसरसाठी, शिवाय प्रत्येक मेमरी-विभागात इतर विभागांसाठीही असत. म्हणजे वाढ बेरजेने नव्हे, गुणाकाराने होई. हजारभर प्रोसेसरांच्या यंत्रांवर या रांगांतच काही गिगाबाइट गुंतून पडतात, असे ख्रिस्तोफ लॅमेटर यांनी दाखवून दिले. त्यांची 'स्लब' पद्धती २००७ मध्ये कर्नलमध्ये आली. जुनी 'स्लॅब' मात्र २०२४ मधील ६.८ या आवृत्तीत काढून टाकण्यात आली.