कासव सोडायचे नसते, सोपवायचे असते

प्रभादेवी-दादर परिसरातील जुनी इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करावयाची वेळ आली की घरोघरी यादी तयार होते : काय न्यायचे, काय द्यायचे, काय टाकायचे. या यादीत न बसणारा एक जीव काही घरांत काचेच्या पेटीत पोहत असतो. मुलांच्या हट्टासाठी आणलेले नाण्याएवढे हिरवे कासव आता ताटलीएवढे झालेले असते. मुले शिक्षणासाठी दूर गेलेली असतात आणि भाड्याच्या तात्पुरत्या घरात पेटीला जागा नसते. अशा वेळी सुज्ञ कुटुंबाने काय करावे?

प्रथम, आपले कासव कोणते हे जाणून घ्यावे. पाण्यातले आणि जमिनीवरचे, दोहोंना मराठीत कासव हा एकच शब्द असल्याने घोटाळा होतो. काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले तारा-कासव जमिनीवरचे आहे; खोल पाण्यात ते बुडून मरते. भारतीय जातींची कासवे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घरात ठेवता येत नाहीत, कोणाला देताही येत नाहीत. ती वनविभागाकडेच सोपवावी लागतात. त्यासाठी १९२६ हा मदत क्रमांक आहे. बाजारातून येणारे बहुतेक पाणकासव मात्र ‘रेड इअर्ड स्लायडर’ या परदेशी जातीचे, मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले असते. डोळ्यामागचा लाल पट्टा ही त्याची खूण. परंतु आपल्याकडील छत-कासवाच्याही डोळ्यामागे तांबूस ठिपका असतो, म्हणून जाणकार पशुवैद्यास दाखवूनच निर्णय करावा.

दुसरे, ते कोठेही ‘सोडू’ नये. जीव सोडविणे हे आपल्याकडे पुण्यकर्म मानले जाते; विसावे तीर्थंकर मुनिसुव्रतस्वामी यांचे तर लांछनच कासव आहे. त्यामुळे तलावात सोडले म्हणजे अभयदान दिले, अशी भावना सहज होते. प्रत्यक्षात हे कासव गोड्या पाण्यातले. प्रभादेवीच्या किनाऱ्यावर समुद्रात सोडणे म्हणजे त्यास खाऱ्या पाण्यात मरणासाठी लोटणे होय. वेळासच्या किनाऱ्यावर पिल्ले समुद्रात जातात ती सागरी कासवांची. त्यांचा न्याय याला लागू नाही. तलावात ते जगलेच, तर तेथील मासे, बेडकांची पिल्ले आणि पाणवनस्पती खाते व देशी कासवांची उन्हाची जागा बळकावते. जगातील सर्वांत उपद्रवी अशा १०० परकीय जातींच्या यादीत या कासवाचे नाव आहे. एका जीवाच्या दयेपोटी अनेक जीवांना पीडा व्हावी, हे अहिंसेत बसत नाही.

आपल्या पूर्वजांची रीत या बाबतीत विचार करण्याजोगी आहे. भुलेश्वरचे पांजरापोळ १८३४ सालचे. पांजरापोळ म्हणजे जनावर सोडून देण्याची जागा नव्हे. तेथे त्याचा स्वीकार होतो, चारापाणी व औषधाची तजवीज होते. जीवदयेचा अर्थ अशी तजवीज करणे हाच आहे.

तेव्हा नवे घर शोधताना, बँकेत खातेदाराची पारख करतात तशी स्वीकारणाऱ्याची पारख करावी. कवचाच्या दर इंचास सुमारे ४० लिटर पाणी, असा ढोबळ हिशेब आहे. मोठी मादी दहा इंचांपर्यंत वाढते. म्हणजे ४०० लिटर पाणी आणि तितकेच किलो वजन. ते पेलणारी जागा, पाणी गाळणारे यंत्र, वर येऊन बसण्यास कोरडी फळी आणि ऊन किंवा अतिनील किरणांचा दिवा आहे का, हे समक्ष जाऊन पाहावे. घरात पाच वर्षांखालील मूल असल्यास देऊ नये. या कासवांपासून साल्मोनेला जंतूंचा संसर्ग होतो. म्हणूनच अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीस बंदी आहे.

आहाराचा प्रश्न आपल्या घरांपुरता अधिक नाजूक आहे. मोठेपणी हे कासव पालेभाज्या व पाणवनस्पती बरेच खाते, परंतु वाढीच्या वयात त्यास प्राणिज आहार लागतो. बाजारातील तयार दाण्यांतही बहुधा माशांची भुकटी असते. नुसत्या पोळीवर वाढविलेल्या कासवाचे कवच मऊ पडते, डोळे सुजतात. ज्या घराच्या आचारात हे अन्न बसत नाही, त्यांनी कासव स्वीकारू नये. आपल्या व्रताचा भार मुक्या जीवावर टाकण्यापेक्षा नम्र नकार अधिक धर्म्य ठरेल.

शेवटी वयाचा हिशेब. नीट निगा राखल्यास हे कासव २० ते ३० वर्षे, कधी अधिकही जगते. साठीतील गृहस्थाने दहा वर्षांचे कासव घेतले, तर स्वतःच्या ऐंशीपर्यंतची जबाबदारी घेतली. म्हणून स्वीकारणाऱ्याच्या घरातील तरुण व्यक्तीची संमती विचारावी. देण्यापूर्वी पशुवैद्याकडून तपासणी करावी. परळला जनावरांचे बाई साकराबाई रुग्णालय जवळच आहे. नेताना पाण्याच्या बादलीत न घालता ओलसर टॉवेल अंथरलेल्या हवेशीर खोक्यात न्यावे. सोबत वय, आहार व आजारांची टिपणी द्यावी, मोबदला घेऊ नये आणि ‘न जमल्यास परत आणा’ हे आवर्जून सांगावे. महिन्याभराने एकदा जाऊन पाहून यावे. कासव तेथे खात-पीत, उन्हात बसत असेल, तेव्हाच आपले कर्तव्य पूर्ण झाले असे समजावे.